साच्यावरचं कुंकू

२३ सप्टेंबर १९९७

गळलं नाही! एकही नाही! सकाळपासून पाणी भरून टांगले होते, खाली टीपकागद पसरलेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कागद कोरडा ठणठणीत. माझ्या हाताखालची शिल्पाश्री तर कागदावर गाल टेकवून बघत होती. "वीणाक्का, एक थेंबपण इल्ला!" थेंबसुद्धा नाही, तिच्या कानडी-मराठीत. मालक सत्यनारायण सर लॅबमध्ये आले, दोनदा "सरी, सरी" — ठीक, ठीक — म्हणाले आणि गेले. त्यांच्या तोंडून दोनदा सरी म्हणजे सत्कारच.

कंडोम. इथे तरी शब्द लिहायला काय हरकत आहे! घरी सासूबाईंना "प्लास्टिकचं काम" एवढंच माहीत आहे, आणि ते खोटंही नाही. बाकी सगळे रबराच्या चिकात साचा बुडवतात. आमच्याकडे रबर नाहीच. ताणली जाणारी पातळ फिल्म असते. ती चौकटीत लावायची, हीटरखाली मऊ करायची आणि थंड पोलादी साच्यावर ओढायची. साच्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढी भोकं. त्यातून यंत्र हवा शोषून घेतं, मग फिल्म साच्याच्या अंगाला घट्ट बसते. भोकं मोकळी नसली तर आत हवा अडकते आणि सगळा खेळ बिघडतो. साचे चंद्रकांतनं केलेत. मित्राच्या वर्कशॉपमध्ये, लेथवर, आरशासारखे घासून.

चंद्रकांत — नवऱ्याचं हे नावही इथेच. तोंडावर लग्नापासून "अहो".

घरी आल्या आल्या सांगितलं, "अहो, सगळे पास!" तो भाकरी मोडत होता. हात थांबला. "बरं झालं," म्हणाला, आणि ताट तसंच ठेवून उठला. आनंदानं भूक गेली असेल.

२५ सप्टेंबर

एकदा नीट लिहून काढते. डोक्यात नुसतं घोळत राहतं.

होसूर रोडवर लॉरीनं त्याच्या स्कूटरला उडवलं, तेव्हा रक्ताच्या बाटल्या चढवल्या. जीव वाचला. वर्षभरानं कळलं, बाटलीतून काय आलं ते. एड्सचं. मी त्या बाटलीवर विश्वास ठेवते. लोक ठेवणार नाहीत, म्हणून लोकांना सांगितलंच नाही. सासूबाईंना टी.बी. सांगितलाय. माझं रक्त दोनदा तपासलं. स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात. आता जपा. कंडोमशिवाय जवळ जायचं नाही."

आणि मला रबर चालत नाही! साधे हातमोजे घातले तरी अंगावर गांधी उठतात. एकदाच प्रयत्न केला आम्ही. ओठ सुजले, श्वास कोंडला, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं मला. पुन्हा असं झालं तर वाचवता येणार नाही, म्हणाले. म्हणजे लावला तर मी मरणार, नाही लावला तरी मीच मरणार. हसावं की रडावं! बिनरबराचे अमेरिकेत मिळतात म्हणे. जयनगरच्या औषधवाल्याला मी कुठल्या तोंडानं विचारू?

म्हणून तर ही नोकरी धरली. रबराशिवाय बनवणार आहेत, असं कळलं आणि दुसऱ्या दिवशी मी बोम्मसंद्र्याच्या बसमध्ये होते.

चार वर्षं त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. माझ्या हाताला चुकून हात लागला तरी दचकतो. कितीदा सांगितलं, अहो, हात लागून काही होत नाही! ऐकेल तर शपथ. चौतीस वर्षांची बाई आहे मी. मला माझा नवरा हवाय. लिहिलं एकदाचं.

२ ऑक्टोबर

सुट्टी. सासूबाई शेजारच्या शारदाबाईंना सांगत होत्या — "टी.बी. बरा होऊन जमाना झाला, तरी सून बाहेर झोपवते त्याला. मग पोर काय आभाळातून पडणार?" मी आत तांदूळ निवडत होते. तो दारात चपला दुरुस्त करत होता. त्यानंही ऐकलं.

६ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर मुंबईची पार्टी येणार. पैसा त्यांचा. माल पसंत पडला तर मोठं यंत्र, नाहीतर या शेडमध्ये कॅरीबॅग बनणार! पोरींची तोंडं उतरली. मी मात्र आतल्या आत नाचत होते. महिन्याभरात पाकीट माझ्या पर्समध्ये असेल. लाज वाटते का? अजिबात नाही.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "एवढी घाई करू नये माणसानं." घाई! चार वर्षांनी घाई!

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

इथे आयुधपूजेला घरचे सगळे कारखान्यात येतात. यंत्राला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, लिंबं. दारात कोहळा फोडतात. मग सगळ्यांना चुरमुरे आणि पेढे. आणि आज चंद्रकांत आला! कुठे जात नाही, कोणाकडे जेवत नाही, तो पांढरा शर्ट घालून आला. सर म्हणाले, "चंद्रकांत अण्णा, साचे तुमच्या हातचे. पूजा नीवे माडी." तुम्हीच करा.

उभ्या साच्यांना विभूतीचे पट्टे ओढले, फुलं वाहिली, तशा पोरी पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. कशाला हसतात ते सगळ्यांना कळत होतं, सरांनाही. तो तेवढा हसला नाही. आमच्याकडे पाठ करून एकेका साच्याच्या टोकावर अंगठ्यानं कुंकू दाबत होता. बराच वेळ. बाकीचे चुरमुऱ्यांकडे वळले तरी याचं चाललेलंच.

मला भरून आलं. आमच्यासाठीच मागतोय, दुसरं काय! देवा, त्याच्या हाताला यश दे.

१४ ऑक्टोबर

गळतात. सगळे. टोकाशी.

१५ ऑक्टोबर

आजही तेच. साचे स्पिरिटनं पुसले. सर म्हणतात, फिल्मचा नवा रोल खराब निघाला. जुना रोल लावला — गळतं. हीटर वाढवला, कमी केला — गळतं. टोकाशी फिल्म कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते आणि तिथूनच थेंब येतो. तीन आठवड्यांपूर्वी हाच साचा, हीच फिल्म, हीच माणसं. काय बिघडलं? कुणाची नजर लागली?

घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडले. तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "नको रडू. यंत्राचं काम आहे, व्हायचंच." मग जेवायला बसला आणि दुसरी भाकरी मागून घेतली! मी इथे मरतेय आणि याला भूक लागलीय.

१८ ऑक्टोबर

टीपकागद ओला. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

२१ ऑक्टोबर

मुंबईचे साहेब आले. स्वतः एक भरला, उंच धरला. थेंब त्यांच्या बुटावर पडला. बुटाकडे बघितलं, मग सरांकडे. "अपनी बीवी को दोगे ये?" सरांनी मान खाली घातली. सर, ज्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही!

मी मागे उभी होते. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी घ्यायला उभी आहे ना! माझ्यासाठी तरी थांबा!

दिवाळीनंतर कॅरीबॅग. शिल्पाश्रीला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या घरात कमावणारी तीच एकटी. टेबलाखालून चपला काढताना माझ्याकडे बघून म्हणाली, "माझा काही मिस्टेक झाला का अक्का?"

संपलं. आता कशाची वाट बघायची? तो एक दिवस जाईल. मी त्याला धरलंसुद्धा नसेल. लोक सांत्वनाला येतील आणि मी त्यांच्यात बसेन, कोणाची तरी बायको म्हणून. देवा, एवढं तरी द्यायचंस. मी काय मोठं मागितलं होतं!

२७ ऑक्टोबर

यंत्र सुटं केलं. सर म्हणाले, "साचे अण्णांना परत द्या. असं काम भंगारात नको." फडक्यात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "एनु अक्का अदु?" काय आहे ते? लाटणी आहेत, म्हटलं. ती म्हणाली, एवढी लाटणी कशाला! मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

कपाटात तळाशी ठेवले. त्यानं बघितलं.

३० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

देवाची भांडी चिंचेनं घासायला काढली होती. वाटलं, साचेही घासून ठेवावेत. दिवाळीत घरात आलेत ना. उजेडात धरला तर टोकाशी लाल ठिपका. कुंकू! पूजेचं कुंकू! ते भोकात बसलं, हवा आत अडकली, म्हणून टोकाशी फिल्म बसली नाही. एवढंच? एवढ्याशा कुंकवानं आमचं वाटोळं केलं? त्याला कळलं तर जीव देईल बिचारा.

सेफ्टीपिन घेऊन टोकरायला बसले. कुंकू वरवरचं होतं, चटकन गेलं. पिन तरी आत शिरेना. जोर लावला तेव्हा काहीतरी बाहेर आलं. मेण. काळसर, तेलाच्या वासाचं. पुढचं भोक — मेण. दुसरा साचा — मेण. ठासून भरलेलं, एकही भोक सोडलेलं नाही.

हे मेण कुठलं ते मला माहीत आहे. त्याच्या हत्यारांच्या पेटीत, पिवळ्या डबीत असतं. बारीक ड्रिलला लावतो.

३१ ऑक्टोबर

विचारलं नाही. तो दारात आकाशकंदील टांगत होता, मी उंबऱ्यात उभी राहून त्याची पाठ बघत होते. हीच पाठ. त्या दिवशी मी हिच्यासाठी हात जोडले होते!

का? मी नकोशी झालेय का त्याला? शिल्पाश्रीच्या पोटावर पाय, सरांची मान खाली, माझी चार वर्षं — सगळं त्या डबीतल्या मेणानं! का दुसरीच कोणी आहे? मग ती बाटलीही खोटी असेल. आज पहिल्यांदा त्या बाटलीवरचा माझा विश्वास हलला. लक्ष्मीपूजन झालेल्या घरात बसून मी हे लिहितेय. मला काही नको आता. हा माणूसही नको.

१ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळायला तो पाटावर बसला. तबकात निरांजन, सुपारी, कुंकू. आणि घासलेले साचे. भोकं मोकळी केलेले.

त्यानं बघितलं. सासूबाई आत देवापाशी होत्या. हळू म्हणाला, "हजारात एखादा फुटतोच, वीणा. कितीही चांगला साचा करा. आणि ते मिळाले असते तर तू जवळ आली असतीस. मला नाही म्हणता आलं नसतं."

सोमवारी साचे सरांकडे घेऊन जाणार आहे. त्यांना काय सांगायचं, शिल्पाश्रीला कसं परत आणायचं, ते तेव्हा बघेन. "चंद्रकांत," म्हटलं मी. मोठ्यानं. कुंकू लावायला कपाळावर टेकवलेलं बोट तसंच ठेवलं, मग सगळा हात ठेवला. तो दचकला नाही.