परसातला कढीपत्ता

अव्वा,
मी शाहूपुरीला औषध आणायला चाललोय. लिंबाची पानं खत कमी पडून पिवळी पडलेली न्हाईत. कृषी खात्याचे साहेब म्हणत्यात, सायला नावाचा बारका किडा रोग पसरवतोय, आणि तो कढीपत्त्यावर बी वाढतोय. तोडलेली लिंबं सुकू नयेत म्हणून तू टोपलीत कढीपत्त्याच्या डहाळ्या घालून बागेत नेतीस. त्यातनंच किडा बागेत गेला का लिंबांवरनं इकडं आला, मला काय कळंना.

कढीपत्त्याचं झाड तोडा म्हणत्यात. पण ते आज्जीनं तुझ्या लग्नात दिलेलं. सकाळी कुऱ्हाड घेऊन गेलतो, तर बुडातली माती ओली. तू आधीच पाणी घातलेलंस. तसाच परत फिरलो.

उद्यापासनं त्याला पाणी घालू नको.

न्हाय, घाल.

संगमेश