लाइन क्लिअर मिळेपर्यंत

९ जानेवारी

ती. स्व. काकांस फोरमनचा सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यातून एक डिझेल इंजिन, चार बंद वॅगन, एक कोळशाची वॅगन आणि शेवटी गार्डचा डबा अशी मालगाडी रवाना करत आहे. उघडताना काकूला जरा लांब ठेवा. मागच्या खेपेला तिने कोळशाची वॅगन खिडकीबाहेर झटकून लख्ख केली होती. तो कोळसा म्हणजे मी आठ दिवस वाळवून चाळलेला चहाचा चोथा होता, हे तिला अजून पटलेलं दिसत नाही.

रंग देण्याआधी या सगळ्या वॅगन गुलाबी होत्या. कवळ्या बनवून उरलेला माल मी साच्यात ओतते. परवा आमच्या लॅबचे मालक साच्यात डोकावले आणि विचारू लागले की एवढा चौकोनी जबडा कुणाचा. मी सांगितलं की माझ्या काकांचा, आणि ते कामाला लागले.

गार्डच्या डब्याची पायरी मी चार वेळा मोडली आणि पाचव्यांदा जमली. तेव्हा तुमची आठवण आली. बाबा गेल्यावर शाळा सुटली की तुम्ही मला डिझेल शेडमध्ये न्यायचात, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसवायचात आणि मी सगळ्या फिटरांना हुकूम सोडायचे. फोरमन हे नाव तेव्हाच पडलं. हाताला धीर धरायची सवय तिथेच लागली आणि आज तिच्यावरच माझं पोट चालतं. हे तोंडावर सांगायला जमत नाही, म्हणून इथे लिहिते.

नियम नेहमीचाच. तुमचं घर एक स्टेशन, माझी खोली दुसरं, आणि मधला मार्ग एकेरी. गाडी पूर्ण पोचल्याचं तुमचं पत्र आल्याशिवाय मी इकडून काही सोडणार नाही. मी लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याचा निरोप, दिल्याशिवाय तुम्हीही काही सोडायचं नाही. पोच आणि लाइन क्लिअर एवढी सोडली तर साधं पत्रसुद्धा गाडीच धरायचं, हे तुम्हीच घालून दिलं आहे.

काकूला नमस्कार. तब्येतीला जपा आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
फोरमन

१७ जानेवारी

चि. फोरमन हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी काल पोचली. शेवटच्या डब्यामागची पाटी जागेवर होती, म्हणजे वाटेत काही सुटून राहिलेलं नाही. पायरी पाहिली. आमच्या शेडमधल्या निम्म्या लोकांना अशी जमली नसती.

आता कान धरतो. इंजिनाचं तोंड उलट्या बाजूला केलंस. आमच्या काळात मालगाडीच्या इंजिनाचं लांब नाक पुढे असायचं आणि ड्रायव्हर पार मागे. कपाटाआडून शेजाऱ्याच्या घरात डोकवावं तसा तो सिग्नल बघायचा. मी एकदा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं होतं की याने मान दुखत नाही का. तो म्हणाला की दुखते, पण समोरून काही आलंच तर आधी इंजिन भेटेल आणि मग मी, तेव्हा मान दुखलेली बरी. नवीन पोरांना हे पटायचं नाही. मला मात्र त्या धुडाचं तसंच येणं आवडायचं. कान तर मी त्या शेडमध्येच गहाण टाकले. पण नाकाडावर तळहात ठेवला की कोणता सिलिंडर रुसलाय ते कळायचं. साहेब यंत्र लावून तासाभराने तेच सांगायचे.

इंजिन फिरवून, पुढची बाजू दाखवणारी खूण खरवडून नव्याने रंगवतो आणि परतीची गाडी करून पाठवतो. तुझं खोकं मजबूत आहे. त्याच खोक्यातून येईल, वर तुझ्या पत्त्याची चिठ्ठी डकवली की झालं. जिना चढताना हल्ली दम लागतो. काकूने डॉक्टरांकडे न्यायचा हट्ट धरलाय, तर एकदा जाऊन येतो.

लाइन क्लिअर दे. तोवर आमचं स्टेशन तुझीच वाट बघत आहे.

तुझा,
काका

२४ जानेवारी

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

चूक कबूल. लाइन क्लिअर दिली आहे, गाडी सोडा. ती हातात पडेपर्यंत आता मी नियमाप्रमाणे गप्प. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्यासोबतच्या पत्रात लिहा, आणि लपवाछपवी नको.

तुमची,
फोरमन

२७ फेब्रुवारी

चि. फोरमन हिस काकूचे आशीर्वाद.

तुमच्या खेळात मी कधी पडले नाही, आणि आज पडतेय ती नियम मोडूनच. शेजाऱ्यांकडे फोन आहे, पण तुझ्या लॅबचा नंबर माझ्याकडे नाही. यांच्याकडे मागितला तर का हवाय ते सांगावं लागेल. म्हणून हे तातडीच्या टपालाने पाठवतेय.

यांच्या हृदयाची एक झडप गळते आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनला १० मार्च ही तारीख दिली आहे आणि त्यापुढे थांबणं जिवावर बेतेल असं स्पष्ट बजावलं आहे. हे होकार देत नाहीत. का, ते विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत. दिवसातून दोनदा टपालाच्या पेटीपर्यंत जातात आणि धापा टाकत परत येतात. एकदा एवढंच म्हणाले की पोरीचं उत्तर नाही, रागावली असेल.

आता माझं पाप ऐक. ८ तारखेला तुझं खोकं आलं, निदान मला तरी ते तुझंच वाटलं. वर तुझ्या अक्षरात आमचा पत्ता होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. खोकं दिसलं की हे टेबलाशी तासन् तास वाकून बसतील, म्हणून मी ते चादरींच्या कपाटात लपवलं. पण हे तुझ्या उत्तरासाठी झुरताना बघून आज राहवलं नाही. उत्तर आतच असेल असं वाटून उघडलं, तर आत यांनी पाठवलेली गाडी, आणि यांच्याच हातची चिठ्ठी! वर तुझा पत्ता डकवायचंच यांच्याकडून राहून गेलं होतं. शेजाऱ्याने टपालात टाकलं, आणि टपालवाल्याने वरच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्याच दारात, आणून दिलं.

चिठ्ठी सोबत ठेवली आहे. मी ती वाचली, मला क्षमा कर. चाळीस वर्षं संसार केला, पण त्यातला एक शब्द मला या माणसाने कधी ऐकवला नव्हता. तो असा चोरून वाचावा लागला. खूप रडले.

यांना अजून काही बोललेले नाही. खोकं परत आलं हे कळलं तर रीतसर पुन्हा पाठवतो म्हणून बसतील. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तू काय ते लवकर कळव. आता तुझ्याच शब्दावर सगळं आहे.

तुझी,
काकू

(सोबतची चिठ्ठी)

१ फेब्रुवारी

चि. फोरमन हिस आशीर्वाद.

गाडीसोबत एक जड माल आहे. डॉक्टर म्हणतात झडप बदलावी लागेल. मी जन्मभरात हजारांनी झडपा बदलल्या, पण आधी इंजिन बंद करायचो. तेही म्हणतात की थोडा वेळ हृदय थांबवावं लागेल. बंद केलेलं प्रत्येक इंजिन पुन्हा सुरू होतंच असं नाही, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

पोरी, मी घाबरलोय. काकूला सांगितलेलं नाही, ती आधीच अर्धी झाली आहे. करायचं की नाही ते तू सांग. तू सांगशील ते करीन. तुझं उत्तर येईपर्यंत कुणालाच हो म्हणणार नाही.

तुझा,
काका

२ मार्च

ती. स्व. काकूस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. उभ्याउभ्याच लिहितेय, अक्षर लावून घे.

काकू, मी महिनाभर इथे नुसती बसून होते. लाइन क्लिअर देऊन झाली होती, गाडी येत नव्हती, आणि नियमाप्रमाणे मला लिहिता येत नव्हतं. आधी वाटलं काका रंगात अडकले असतील. मग वाटलं विसरले. शेवटी चक्क रुसले. तिकडे ते माझ्या होकारासाठी अडून बसलेत आणि इकडे मी गाल फुगवून! दोघंही नियमाने अगदी बरोबर होतो, आणि त्यात काकांचा जीव गेला असता. तू खोकं लपवलंस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. उघडलंस ते तूच. आम्ही दोघं शहाणे मात्र शेवटपर्यंत एकमेकांची वाट बघत राहिलो असतो. तुझे उपकार मी कशी फेडणार आहे कोण जाणे.

काकांना माझं उत्तर सांग. होय. ऑपरेशन करायचं. मीही घाबरले आहे हेसुद्धा सांग, म्हणजे त्यांना एकट्याला घाबरायला नको.

आणि मी येते आहे. दोन स्टेशनांमधलं सगळं बोलणं तुटलं, की एकटं इंजिन, मागे एकही डबा न जोडता, सावकाश पुढे पाठवतात आणि तेच निरोप पोचवतं. हे मला काकांनीच शिकवलं. लॅबमधून रजा घेतली आहे. ६ तारखेला दुपारी पोचेन.

तोवर दोघं एकमेकांना धरून राहा, आणि मलाही मनात धरा.

तुझीच,
फोरमन

११ एप्रिल

चि. फोरमन हिस काकाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

मांडीवर पाट ठेवून लिहितोय. काकू समोर बसली आहे, दोन पानांच्या वर लिहू द्यायचं नाही असा तिचा हुकूम आहे. काल घरचा जिना न थांबता चढलो. वर पोचून छातीवर तळहात ठेवला. चाल एकसारखी लागते आहे. माझ्या हाताखाली असं काम झालं असतं तर त्या फिटराची पाठ थोपटली असती. डॉक्टरांना तसं म्हणालोही. ते हसले आणि त्यांनी खरंच पाठ पुढे केली.

माझ्या या बहिऱ्या कानांसाठी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवणाऱ्या त्या नर्सबाईंना तू एक गार्डचा डबा द्यायचं कबूल केलं आहेस, ते विसरू नकोस. तुझे आभार कसे मानावे हे मला येत नाही. तू दारात उभी राहिलीस तेव्हा तुझ्या हातात साधी पिशवीही नव्हती, घाईत ती विसरून आली होतीस. मी त्याच क्षणी सही करायला तयार झालो. मला आत नेताना तू हात सोडला नाहीस, हे मी जन्मभर विसरणार नाही. तुझा बाप असता तर आज त्याच्याकडे तुझी तारीफ करून करून त्याला वीट आणला असता.

काकूशी आता मी काही लपवत नाही. भीती वाटली की सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिला तर लग्नाच्या दिवसापासून वाटते आहे, त्यात नवीन काय. आम्ही दोघं बराच वेळ हसलो. इतक्या वर्षांत हे आधी का केलं नाही, याचं वाईट वाटतं.

चूक माझी होती. शेडमधून एकही इंजिन दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय बाहेर न सोडणारा मी, पत्ता न डकवता खोकं सोडलं. पण त्याहून मोठी चूक तो नियम. रेल्वेत नियम अपघात टळावेत म्हणून असतात. आपण तोच घरात आणला, आणि माणूस आजारी असताना त्याला हाक मारायलाही परवानगी लागू लागली. नोकरीभर मी एक नियम मोडला नाही. आज हा मोडतो.

यापुढे आपला मार्ग दुहेरी. माझं पत्र येवो न येवो, तू मनात येईल तेव्हा लिहीत जा. मीही लिहीन. माझं वय काही मागे जात नाही, आणि एक दिवस इकडून उत्तर यायचं थांबेल. तेव्हाही लगेच थांबू नकोस, पोरी. तुझी काकू आता खोकी उघडायला शिकली आहे.

तुझ्या मायेवर जगतो आहे, ती अशीच राहू दे.

तुझा,
काका