कौसल्याची हजेरी

९ जानेवारी १९५६, सोमवार
सगळ्यांत आधी टपकली शेजारची गंगुबाई. देवगडहून आणलेलं माझं बोचकं सुटायच्या आत सुकटीच्या वासावर आली नि म्हणाली, आजी, तुम्ही आलात ते सगळ्या चाळीला नाकानंच कळलं. वर वाटीही पुढे केली. तिच्यामागून कॉलेजातल्या दोघी, मीनाक्षीबाई नि रमाबाई. इस्तरीची पातळं, बोलणं मऊ. चहाला मात्र हात लावला नाही. शिकलेल्या बायकांना भूक कमीच असेल. माझी नात कौसल्या यांच्याच कॉलेजात इतिहास शिकवते. गिरगावात स्वतःची खोली, दारावर नावाची पाटी. पाच वेळा वाचली मी. दोन यत्ता शिकलेय, उगाच नाही.

११ जानेवारी, बुधवार
पोरीला श्वास घ्यायला फुरसत नाही. पुरुष मास्तरांच्या वाटचे पेपरही हीच तपासते, गॅदरिंगची रांगोळीही हिनंच काढायची. वर प्राचार्य विचारतात, लग्न झालं की नोकरी सोडाल ना. एकही खाडा नाही झाला तर मार्चात कायम करू म्हणालेत. म्हणून ताप अंगावर काढते. मेल्यांना आयाबहिणी नाहीत.

१३ जानेवारी, शुक्रवार
आज तिला उठवेना. दुपारी त्या दोघी हजेरीचं मस्टर घेऊन दारात. म्हणाल्या, सही चुकली तर कौसल्याची नोकरी जाईल, आजी, तुम्हीच करा की. तिचं नाव मला छान गिरवता येतं. ठसठशीत सही केली. रमाबाई म्हणाल्या, काय वळणदार अक्षर. माझ्या अंगठेबहाद्दर जावेला कळवायला हवं.

१७ जानेवारी, मंगळवार
मुंबई केंद्राला दिली म्हणून गोळीबार, संचारबंदी. ट्राम बंद, कॉलेजला कुलूप. तरी दोघी आल्या, रोजच्यासारख्या. मी म्हटलं, बंद कॉलेजात कसली हजेरी. हसून मस्टर पुढे केलं. केली सही. कौसल्या अंथरुणातच. घसा पार बसलाय. बोटांना खडू लागलाय. घरात खडू नाही.

१९ जानेवारी, गुरुवार
दोन तास रस्ता मोकळा होता. कॉलेजचा शिपाई बुधाजी आला. कौसल्याला अंथरुणात बघून दारातूनच मागं सरकला. म्हणाला, कुलपातल्या सात नंबरच्या वर्गात या कौसल्याबाई तीन दिवस शिकवतायत, मी आवाज ऐकला. मी त्या दोघींचं विचारलं. म्हणाला, मीनाक्षीबाई दोन-तीन वर्षांमागं शिकवताना कोसळल्या, तिथंच गेल्या. पुढल्या साली रमाबाई. त्यांनाही मार्चात कायम करणार होते. मस्टरात त्यांच्या सह्या अजून रोज पडतात —

२० जानेवारी, शुक्रवार
आल्या. मी म्हटलं, सही करणार नाही, पोरीचं नाव खोडा. मीनाक्षीबाईंनी मस्टर उघडून समोर ठेवलं. उद्याच्या रकान्यात सही. रविवारच्यासुद्धा. अक्षर माझं. मी केलेल्या नाहीत —
पान फाडायला गेले तर आतून कौसल्या कळवळली.

२१ जानेवारी, शनिवार
कौसल्या डोळे मिटून सनावळ्या सांगते. हात गार.
मस्टर इथंच ठेवून गेल्यात. माझं अक्षर रविवारपर्यंतच. पुढल्या सगळ्या सह्या तिच्या स्वतःच्या हातच्या. त्या दोघींच्या खाली.
सोमवारी तिला न्यायला येतो म्हणाल्या —