खोक्यातलं मशीन आणि वाढीव वॉरंटी

जुळे सोलापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिक्षा हीस पप्पांचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण बापलेक तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्र लिहितोय. फोनसारखं ते तुला मध्येच बंद करता येणार नाही.

इकडे सर्व ठीक. पाणी चार दिवसांआडच येतं. विषय वॉशिंग मशीनचा आहे, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ऑफरमध्ये तुझ्या लग्नासाठी घेतलं ते. हॉलमध्ये खोक्यातच आहे, वर चादर टाकलीय, धुळीचा कण नाही. आता दुकानातून रोज फोन येतो. आठ नोव्हेंबरला वॉरंटी संपते, त्याआधी साडेतीन हजार भरा, तीन वर्षं वाढवून देतो म्हणतात. मी विचारलं, अहो, मशीन एकदाही फिरलं नाही, मग दोन वर्षं खर्ची कुठं पडली? फोनवरची मुलगी म्हणाली, काका, तारीख बिलावरची धरतात, तुम्ही वापरा नाहीतर पूजा करा. माझं डोकंच फिरलं. आम्ही पूजा करत नाही, हेही तिला सांगून टाकलं.

योजनेच्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे. वाचून मत कळव. आणि बार्शीच्या स्थळाचंही कळव. मुलगा ग्रामसेवक आहे, माणसं साधी आहेत. तू या आठवड्यात हो म्हणालीस तर हिवाळ्यात लग्न उरकेल आणि वॉरंटी भरल्याचं चीज होईल.

आईचे आशीर्वाद आहेतच. चिडलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझे पप्पा,
धर्मपाल

नाशिक,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. पप्पांस सविनय जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. ड्यूटीवरून आल्यावर दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले.

पैसे भरू नका. कागद नीट वाचला. रबर गेलं तर नाही, प्लॅस्टिक तुटलं तर नाही, गंज चढला तर नाही, व्होल्टेज कमीजास्त झालं तर नाही. मग ही मंडळी भरून देणार ते काय, हे आमच्या वॉर्डातल्या तीन नर्सना मिळूनही सापडलं नाही. तेच साडेतीन हजार बाजूला ठेवा. बिघडलं तर त्यातून दुरुस्त करू, नाही बिघडलं तर पैसे घरातच राहतील.

बार्शीला नाही म्हणून कळवा. हे तिसऱ्यांदा सांगतेय. हुंडा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, असं विहारात तुम्हीच भाषण केलंत आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मग हॉलमधलं ते खोकं काय आहे?

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. ऑगस्टमध्ये आले होते तेव्हा आई चादरीचं एक टोक नळाला बांधून दुसरं एका हाताने पिळत होती. तिच्या उजव्या मनगटात जोर राहिलेला नाही. पाणी आलं की चार दिवसांचं धुणं ती त्याच हाताने काढते, आणि चार पावलांवर मशीन झाकून ठेवलंय. असंच चाललं तर त्या हाताचं ऑपरेशन करावं लागेल, हे मी नर्स म्हणून सांगतेय. मला याचा लई राग येतो पप्पा, आत्ता लिहितानाही येतोय. खोकं उघडा आणि आईला मशीन वापरू द्या.

दोघांनी जपून राहा. रागातही तुमचीच,

प्रतिक्षा

जुळे सोलापूर,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिक्षा हीस सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझा ताप पाकिटातून पोचला. पण मी कुणाला अडवलेलं नाही. तुझी आईच म्हणाली होती, की लेकीचं हाय ते, हात लावायचा न्हाय.

बार्शीला नकार कळवला. काल दुकानात जाऊन आलो. तिथल्या मॅनेजरचं नाव श्रीमंत. त्यांनी आता नवीनच काढलं. मशीन जोडलेलं पाहिजे, त्यांचा माणूस निंगप्पा येऊन चालू मशीनचा फोटो काढणार, मगच पैसे घेणार. म्हणजे मशीन नवं ठेवायचं तर वॉरंटी वाढत नाही, आणि वॉरंटी वाढवायची तर मशीन नवं राहत नाही. मी एवढा भांडलो की त्यांनी मला पंख्याखाली बसवून पाणी दिलं.

तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून एक बादली घेऊन आली होती. माझ्या चुलत्यांच्या बायका त्या एका बादलीवरून तिला दहा वर्षं टोचत होत्या. तुला कुणी तसं टोचू नये, एवढंच मनात होतं. त्याला हुंडा म्हणायचं तर म्हण. तू तिकडे एकटी आहेस, याची मला भीती वाटते. खोकं उघडलं तर तुझ्या लग्नाची आशा मीच सोडली असं होईल, आणि ते माझ्याच्याने होत नाही.

निंगप्पाला सोमवारी, तीन तारखेला बोलावलंय. उघडायचं की नाही ते ठरत नाही. तुझं काय ते लवकर कळव, आणि बापावरचा जीव तसाच ठेव.

तुझे पप्पा

जुळे सोलापूर,
५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिक्षा, आईचा जयभीम आणि लई आशीर्वाद.

आज पौर्णिमा, पप्पा विहारात गेलेत. तुझं पत्र आणि पप्पांनी तुला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे कागद टीव्हीखालच्या खणात होते, ते सगळे वाचले.

सोमवारी निंगप्पा आला. अक्कलकोटकडचा हाय, भला माणूस. पप्पा त्यालाच विचारत बसले, उघडू का, मुदत वाढवू का, आजकालची मशीनं टिकतात का. तो कंटाळला आणि मला म्हणाला, की अक्का, या घरात धुणं कोण धुतं, त्यालाच विचारा की. मी म्हणाले, मी धुते, आणि खोकं फाडा.

मशीन चाललं. पप्पा समोर खुर्ची टाकून पाऊण तास बसले. मधी डोळे पुसले. थांबल्यावर मला विचारलं, वाढीव पैसे भरू का. मी नको म्हणाले. निंगप्पाचा नंबर लिहून घेतलाय, बिघडलं तर त्याला बोलवू.

हात लावायचा न्हाय असं मी म्हणाले होते, ते खरं हाय. पण ते पहिल्या दिवाळीला. तवा हात बरा होता. त्यानंतर दोन वर्षं मला परत कुणी विचारलं न्हाय. पप्पांनी दुकानाला विचारलं, तुला विचारलं. तू तीन नर्सना विचारलंस. चादर पिळताना तू दारात उभी होतीस, मी तुला बघितलं. तवा मला एक शब्द बोलली न्हाईस आणि नाशिकला जाऊन पप्पांना लिहिलंस. मला त्याचं लई वाईट वाटलं.

लग्नाचं तुझं तू ठरव. पप्पांना मी समजावीन, त्यांना वेळ लागंल. मनगट अजून दुखतं. हे एवढं लिहायला अख्खी सकाळ लागली. कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते सांग. पण आता ते मला लिही आणि पाकिटावर माझं नाव घाल. माझ्या नावाचं पाकीट या घरात आजवर आलेलं न्हाय.

वाट बघते.

तुझी आई,
नागूबाई