मागणाऱ्याचं नाव

छोट्या,

हे पत्र काही मी पेटीत टाकणार नाही, म्हणून सरळच लिहितो. तू पीएचडी झालास, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. निदान प्रबंध तरी बघावा म्हणून आज तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिथल्या बाई बिचाऱ्या सगळं कागदावर लिहून सांगत होत्या. कॉम्प्युटरवर त्यांनी तुझं नाव टाकलं.

विषय दोनदा वाचला. मागाच्या आवाजानं बहिरे झालेले कामगार आणि त्यांची मुलं. जन्मभर मी माग चालवला. घरी तू माझ्याशी ओरडून ओरडून दमलास, मग बोलणंच सोडलंस आणि शेवटी घर.

पडद्यावर नुसता सारांश होता. ही मुलं बापाबद्दल काय सांगतात ते शेवटच्या प्रकरणात आहे, असं त्यात म्हटलंय. पण प्रबंध तू बंद ठेवला आहेस, तुझ्या परवानगीशिवाय तो उघडत नाही. बाईंनी लिहिलं, "लेखकाला विनंती पाठवू. मागेल त्याला देतात ते. फक्त तुमचं नाव सांगा."

मी पेन घेतलं, पण माझं नाव बघून तू नाही म्हणालास तर, या विचारानं कागदावर टेकवलं नाही. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खाली लिहिलं, "काका, दुसऱ्या कुणाचं टाकलं तरी चालेल."

टाकलं असतं, तर तुझं सगळं म्हणणं मला वाचायला मिळालं असतं. पण ते तू परक्याला सांगितलेलं असतं. मी पेन परत दिलं.

बाबा