तिसरं वर्ष

हेमराजमामा,

जयश्री, माझी धाकटी बहीण, सीए होऊन गेल्या महिन्यात तुमच्याकडे नोकरी मागायला आली. ऑफिसात तीन खुर्च्या रिकाम्या. तरी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माणसं मिळेनात म्हणून इन्स्टिट्यूटने सीएची आर्टिकलशिप तीनची दोन वर्षं केली. हे कार्बाइडचे आंबे!"

मी तुमच्याकडे त्या उमेदवारीची पुरी तीन वर्षं भरली. ऑडिट दोन वर्षांतच शिकले. तिसऱ्या वर्षी मामींचा सिलिंडर आणला, पिंकीला गरब्याच्या क्लासला सोडलं. तेवढं जयश्रीला येत नाही.

हे पत्र पाठवणार नाही. कतारगामला आमच्या ऑफिसची पाटी लागतेय, ती वाचा. वर तिचं नाव आहे, खाली माझं.

तुमच्या अढीत पिकलेली भाची,
रोहिणी