वाघाचे चार रंग

३ डिसेंबर, म्हसळा
वाघ! बोर्लीच्या कबड्डी संघाला टी-शर्टच्या छातीवर वाघच पाहिजे. चार रंग, म्हणजे छपाईच्या चार पारदर्शक फिल्म — चारही हातानं काढायच्या. पिवळं अंग वेगळं, केशरी सावली वेगळी, लाल जीभ वेगळी, काळे पट्टे वेगळे. ज्या रंगाची फिल्म, तेवढाच भाग काळ्या शाईनं भरायचा. पिवळा काळ्याखाली केसभर सरकवायचा, नाहीतर मधून कापड दिसतं.
हे सगळं एकावर एक बसवणार कोण? मी. नाव कुणाचं? बाबांचं.

४ डिसेंबर
बाबांनी पिवळा काढला. गेल्या वर्षीच्या लकव्याच्या झटक्यापासून उजवा हात थरथरतो, पण ब्रश सोडायचा नाही. कंप्युटरचं नाव काढलं की जेवायचे थांबतात. मग दुपारी ते आडवे झाले की मी नवी फिल्म काढते आणि त्यांची फाडून टाकते. उठल्यावर बघतात आणि म्हणतात, बरोबर आलंय. वर्षभर हेच चाललंय.

५ डिसेंबर
काळे पट्टे. मान मोडली.

७ डिसेंबर
संघाचा गणराज आला होता. सामन्याच्या दिवशी मंडळ बाबांचा सत्कार करणार म्हणे — शाल, श्रीफळ. या वयात असा हात तालुक्यात नाही! बाबा लाजून हसले. मला गणराजनं चहा टाकायला सांगितला. टाकला.
आयत्या बिळावर नागोबा. बापाला असं म्हणू नये. मनात म्हटलं.

८ डिसेंबर
आज बाबांनी लाल आणि केशरी काढले. जीभ जबड्याबाहेर, केशरी अंगाबाहेर. दुपारी ते झोपले. मी फिल्मला हात लावला नाही. घ्या म्हणावं शाल!

११ डिसेंबर
छापले. वाघाला दोन जबडे आलेत. बघून मला बरं वाटलं — खरंच वाटलं.
गणराजनं टी-शर्ट उजेडात धरला. परवा सामना, हे घालून पोरं उतरणार कशी? मग माझ्याकडं वळून विचारलं, छापताना तुझाच हात हलला का. मी बाबांकडं बघत राहिले. आता बोला.
बाबा बोलले. "तिची चूक न्हाय. फिल्म माझ्या हायत. वर्षभर माझ्या फाडून ती नव्या काढते. या टायमाला काढल्या न्हाईत, एवढंच."
गणराजनं टी-शर्ट खाली ठेवला.

१२ डिसेंबर
लाल आणि केशरी फिल्म पुन्हा काढल्या, बाबांच्या समोर बसून. जीभ जबड्यात बसली. मग विचारलं — माहीत होतं, तर इतके दिवस बोलला का नाहीत?
खाली बघत म्हणाले, "माणगावचा छापखानेवाला तुला कामाला मागायला दोनदा येऊन गेला. मी त्याला सांगितलं, तिला अजून फिल्म काढता येत न्हाय."